हवं ते बरोबर ऐकू येतं

डॉक्टरीणबाईंनी अण्णांच्या उजव्या कानातून काढलेली काळी गुठळी स्टीलच्या ट्रेमध्ये टपकन पडली, तेव्हा मी खुर्ची मागं सरकवली. चिकूच्या बीएवढी होती. तिला लसणीच्या तेलाचा कुबट वास येत होता. ते तेल मीच घालत होतो, दर रविवारी, कोमट करून. तेलानं कान मोकळा होतो, डोकं तरतरीत राहतं असं माझ्या आत्यानं साताऱ्याहून फोनवर सांगितलं होतं. डाव्या कानातून तसलीच दुसरी निघाली.

किळस आधी त्या मळाची आली. स्वतःची यायला थोडा वेळ लागला.

आमचं सांगलीला हळदीचं अडत दुकान. शेतकरी माल आणतो, व्यापारी घेतो, मधे आम्ही. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, चाळीस वर्षं हळद कानानं पारखली. हळकुंड दोन्ही हातांत धरायचं, कानाशी न्यायचं आणि मोडायचं. वाळलेलं असलं की खट् वाजतं, आत ओल असली की दबकं तुटतं. कुणी ढिगाचा पिवळाधमक रंग दाखवला की ते म्हणायचे, "रंग पॉलिश मारून बी येतोय. आवाज कुठनं आणशील?"

मग एकदा त्यांनी ओला माल कोरडा म्हणून पुढं केला. पुढच्या महिन्यात पुन्हा. व्यापाऱ्यानं पोती परत पाठवली. मी एक उसवलं तर आत हिरवट बुरशी, आणि नाकाला रुमाल लावावा असा वास. चारचौघांत, हमालांच्या देखत, मी म्हणालो, "अण्णा, आता बास झालं. घरी बसा, आराम करा." आराम हा आपल्याकडचा फार गोड शब्द. माणसाच्या हातातलं काम काढून घ्यायचं आणि वर त्याला मान दिला म्हणायचं.

अण्णा घरी बसले. सहा महिन्यांत देवळाच्या कट्ट्यावर जाणं बंद झालं. विचारलं एक तर उत्तर भलतंच. सांगितलेलं काही लक्षात राहीना. जेवताना सगळे बोलत असले की ते ताटाकडं बघत राहायचे आणि मधेच "व्हय" म्हणायचे, कुणी काही विचारलेलं नसतानाही. आम्ही हसायचो. ते बघून तेही हसायचे.

अण्णांचं डोकं कामातून चाललं, असं आम्ही ठरवून टाकलं. आत्यानं डब्यावर मेंदूचं चित्र असलेली कसली तरी पूड पाठवली. ती दुधात टाकली की वर तपकिरी तवंग यायचा. अण्णा नाक मुरडून प्यायचे आणि आम्ही पेला रिकामा होईपर्यंत समोर उभे राहायचो. रात्री भिजवलेले बदाम, मोबाइलवर चित्रं जुळवायचे खेळ. आणि सगळ्यात घाण प्रकार माझा. पाहुणे आले की मी विचारायचो, "अण्णा, सतरा साती किती?" ते माझ्या ओठांकडं बघत बसायचे. मग मी पाहुण्यांकडं बघून मान हलवायचो.

बायको एकदा म्हणाली, "अहो, अण्णांना ऐकूच येत नसेल."

"त्यांना हवं ते बरोबर ऐकू येतं," मी म्हणालो. सगळे हसले. हा विनोद आमच्याकडं घरोघरी चालतो. म्हाताऱ्याच्या चष्म्याचा नंबर वाढला तर दोन दिवसांत नवा चष्मा येतो. कान गेला तर विनोद होतो.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी आधी कान बघून या म्हणून या बाईंकडं पाठवलं. बाईंनी अण्णांना मोठ्यानं नाव विचारलं, मी सांगितलं. काय त्रास होतो विचारलं, मी सांगितलं. झोप लागते का, तेही मीच सांगितलं. बाई म्हणाल्या, "तुम्ही जरा गप्प बसता का?"

मळ काढल्यावरही ऐकू निम्मंच येत होतं, कान वयानं गेले होते. मशीन लावावं लागलं. बाईंनी समजावलं ते साधंच होतं. जे ऐकूच आलं नाही ते लक्षात कसं राहणार? ऐकू येत नाही म्हणून माणूस बोलणं सोडतो, माणसांत जाणं सोडतो, आणि रिकामं पडलेलं डोकं खरोखरच उतरणीला लागू शकतं. कान वेळेवर बघितले तर तो धोका कमी होतो. "थोडं विसरणं खरंच आहे," त्या म्हणाल्या. "ते किती भरून येईल, सांगता येत नाही. तीन वर्षं आधी यायला हवं होतं."

ती तीन वर्षं मी त्यांच्या कानात तेल घालत होतो.

मशीन लावून अण्णा पहिल्यांदा दुकानात आले, तेव्हा पंख्याच्या घरघरीनं त्यांचं तोंड वाकडं झालं. ढिगातलं एक हळकुंड उचलून त्यांनी कानाशी मोडलं. मग दुसरं, तिसरं. बराच वेळ ते नुसती हळकुंडंच मोडत होते. ज्याची हळद होती तो शेतकरी जवळ आला. "आण्णा, माल कसा हाय? आजच सौद्यात लावू का अजून वाळवू?" विचारलं अण्णांना, पण बघत होता माझ्याकडं. तीन वर्षांत सगळ्यांनाच ती सवय लागली होती.

"लावा आज," मी म्हणालो.

अण्णांनी हातातले तुकडे ढिगावर टाकले.

"त्यानं मला इचारलंय."