ब्रेकमावशीचा डावा पाय

माझी मावशी लोकांना गाडी चालवायला शिकवते. गेली सव्वीस वर्षं. शिकवणीच्या गाडीत शिकणाऱ्याच्या शेजारी जो बसतो त्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो, तो तिचा. म्हणून सगळे तिला ब्रेकमावशी म्हणतात, वयानं तिच्याहून मोठे असलेले लोकसुद्धा. तिच्याकडे धीट माणसं येत नाहीत. ती दुसऱ्या शाळांत जातात आणि पंधरा दिवसांत शिकून मोकळी होतात. मावशीकडे येतात ते बाकीच्यांनी हात टेकलेले. स्टिअरिंग धरलं की घाम फुटणारे, समोर ट्रक दिसला की डोळे मिटून घेणारे, हॉर्न वाजवून वर 'सॉरी' म्हणणारे. अशा सगळ्यांना तिनं रस्त्यावर आणलं. चांगल्या अर्थानं.

एकच माणूस तिच्या हाती लागला नाही, तो म्हणजे तिचा नवरा. काका शिलाई मशीन दुरुस्त करतात. हात इतका हलका की बारीकसा स्क्रूसुद्धा त्यांच्या बोटांतून कधी निसटत नाही. पण क्लच सोडायची वेळ आली की गाडी बेडकासारखी उड्या मारायची. ते तीनदा परीक्षेला बसले. तिसऱ्या खेपेला परीक्षकाची खुर्चीच गाडीखाली गेली. खुर्ची रिकामी होती, हे काका अजूनही प्रत्येकाला आवर्जून सांगतात. तेव्हापासून बावीस वर्षं ते बसनं फिरतात, आणि मावशीही त्या विषयाचं नाव काढत नाही. चारचौघांत तरी नाही.

गेल्या वर्षी नियम आला की नव्या वर्षापासून शिकवणीची गाडी इलेक्ट्रिकच पाहिजे. शिवाय गाडीचा प्रकार बदलला म्हणून शिक्षकानंही ती परीक्षकासमोर चालवून दाखवायची. नापास झाला तर शाळेचा परवाना गेला. मावशीनं तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "मी हजारभर माणसं पास केली. मला कोण नापास करतंय बघू!" मग तिनं कपाटातली बचत काढली, जुन्या गाडीचे येतील ते पैसे त्यात धरले, आणि आम्हाला बजावलं, "याच्यावर दमडी नाही. कुणी माझ्या गळ्यात काही मारायला लागलं तर मला तिथून ओढून आणायचं." त्या कामासाठी काका आणि मी, असे दोघं बरोबर.

शोरूममध्ये मधोमध फिरत्या चौथऱ्यावर एक पांढरी गाडी होती. मावशी तिच्याभोवती एक प्रदक्षिणा घालून आली.

"दाराला मूठ कुठाय?"

"मॅडम, हँडल आत लपलेलं आहे," टाय लावलेला विक्रेता कौतुकानं म्हणाला.

"का? काय केलंय त्यानं?"

त्यानं किल्ली दाखवली तशी मूठ बाहेर आली, आणि मावशी आत बसली. मग तिनं तिची परीक्षा सुरू केली. ही परीक्षा ती प्रत्येक गाडीची घेते. घट्ट डोळे मिटायचे, आणि शेजारच्यानं एकदम ओरडायचं. तिचं म्हणणं असं की शांत माणसाला काहीही सापडतं. गाडी बनवायची ती घाबरलेल्या माणसासाठी. घाबरल्यावर हात जिथे आपोआप जातो, वस्तू तिथेच पाहिजे.

"वायपर!" मी ओरडले.

मावशीचा हात स्टिअरिंगमागे गेला, चाचपडला, पुढे आला आणि एका गुळगुळीत काचेवर आपटला. डोळे उघडून बघते तर टीव्हीएवढा पडदा, आणि हात लागल्यामुळे सुरू झालेलं गाणं.

"वायपर इथे मेन्यूत आहे मॅडम. आधी 'वाहन', मग 'सुविधा', मग..."

"तोवर पाऊस थांबेल हो," मावशी म्हणाली. "आणि मी झाडावर असेन."

मग काच पुसायचं सोडून गाडी काय काय करते ते त्यानं सांगितलं. छत काचेचं, दिवे सोळा रंगांचे, सीट पाठ दाबून देते. मावशीनं बोनेटवरून हात फिरवला. "वापरून वापरून साबणाची वडी होते तशी दिसते," ती म्हणाली. "कुठेच काही धरायला नाही." शेवटी किंमत विचारली. आकडा ऐकून काकांनी प्यायला पाणी मागितलं.

पाणी आणायला विक्रेता मागच्या खोलीकडे गेला आणि त्याच्यामागोमाग मावशीही गेली, कारण तिला कुठल्याही दुकानाचा मागचा भाग बघायची खोड आहे. तिथे पाण्याच्या मशीनशेजारी, टपावर माहितीपत्रकांचे खोके घेऊन, एक बुटकी राखाडी गाडी उभी होती.

"ही काय?"

नापास झालेल्या भावाची ओळख करून द्यावी तसा विक्रेता हळू आवाजात म्हणाला, "ते अगदी बेसिक आहे मॅडम. टॅक्सीवाले घेतात. यात पडदा नाही, फक्त मोबाइल अडकवायला जागा आहे. काचासुद्धा हातानं फिरवाव्या लागतात."

मावशीनं स्वतः खोके उतरवले. दाराला मूठ होती, ओढली की दार उघडत होतं. ती आत बसली, डोळे मिटले. मी ओरडले, "वायपर! दिवे! हॉर्न! गरम हवा!" प्रत्येक वेळी हात बरोबर जागी. हवेसाठी तीन मोठी गोल बटणं होती, हिवाळ्यात हातमोजे घालूनही फिरतील अशी. डोळे उघडले तेव्हा तिचा चेहरा खुलला होता. किंमत तिच्या बचतीत बसून वर पेढ्यांपुरते उरत होते.

"ही बनवणाऱ्याला कुणीतरी भेटायला हवं," ती म्हणाली. "स्वस्त करायची म्हणून त्यानं सगळं काढून टाकलं, आणि राहिली ती गाडी."

मग चालवून बघायची वेळ आली. इथेच घोडं पेंड खायला लागलं.

गाडी आवाज न करता फाटकाबाहेर पडली. पहिल्या वळणाशी मावशीनं वेग कमी केला आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं डावा पाय क्लचवर दाबला. नेहमीसारखा, पूर्ण, जमिनीपर्यंत. पण इलेक्ट्रिक गाडीला क्लच नसतो. तिथवर पसरलेला असतो तो ब्रेकचा रुंद पॅडल. गाडी जागच्या जागी थांबली, विक्रेत्याचा चष्मा पुढच्या काचेवर गेला आणि मागून एक सायकलवाला आमच्या घराण्याबद्दल काहीतरी बोलला.

"ब्रेक छान आहेत," काका म्हणाले.

गाडी घेतली. मावशीचा जादा ब्रेकही तिला बसवला. एक महिनाभर रोज सकाळी बाजारामागच्या मोकळ्या मैदानात सराव चालला. मी मागच्या सीटवर पोटाशी उशी धरून बसायची. सरळ रस्त्यावर मावशी झकास चालवायची. पण काही अचानक झालं, कुत्रं आडवं आलं किंवा कागद उडाला, की डावा पाय गेलाच खाली. तिनं डाव्या पायातली चप्पल काढून पाहिली. गुडघ्याला ओढणी बांधून पाहिली. डाव्या पायाला शिव्यासुद्धा दिल्या, त्या मी इथे लिहीत नाही. एका सकाळी मी मोजलं, अकरा वेळा उशी कामाला आली.

मग तिनं बडबड बंद केली. घाबरलेल्या माणसांना ती आजवर सांगत आली, "पाय आपला आहे, आपलंच ऐकणार," आणि आता तिचाच पाय तिचं ऐकेना. एकदा कपबशी विसळता विसळता, माझ्याकडे पाठ करून ती म्हणाली, "बंद करते शाळा. ज्याला स्वतःचा पाय आवरत नाही त्यानं दुसऱ्याला काय शिकवायचं?" मला तिचा राग आला आणि वाईटही वाटलं.

काका टेबलाशी बसून एका मशीनला तेल घालत होते. "आपल्याकडे पायमशीनला मोटार बसवून घ्यायला बायका येतात," ते म्हणाले.

"येतात ना. मग?"

"मोटार बसली की खालच्या पॅडलचं काही काम उरत नाही. पण मी ते काढलं तर आठवड्यात परत येतात. शिवण वाकडी जाते म्हणतात. पायाला चाळा लागतो. म्हणून मी ते तसंच ठेवतो, कशाला न जोडता. पाय खूश, शिवण सरळ."

मावशीनं नळ बंद केला.

"तूच म्हणतेस ना," काका पुढे म्हणाले, "घाबरल्यावर हात जिथे जातो तिथे वस्तू पाहिजे? मग पायानं काय घोडं मारलंय?"

दुसऱ्याच दिवशी काका बसनं भंगारवाल्याकडे गेले आणि तिथे मोडीत गेलेल्या आमच्या जुन्या गाडीचा क्लचचा पॅडल घेऊन आले, मावशीच्या पायाखाली एका बाजूनं झिजलेल्या रबरासकट. दोन दिवस दुकान बंद ठेवून त्यांनी लाकडाचा ठोकळा तासला, मशीनची स्प्रिंग बसवली आणि ते सगळं नव्या गाडीत ब्रेकच्या डावीकडे, चार बोटं अंतर सोडून पक्कं केलं. कशालाही न जोडता. बावीस वर्षं ज्या क्लचनं या माणसाला बसनं फिरवलं, तो त्यानं स्वतःच्या हातानं, आडवं पडून, मान वाकडी करून बसवला.

मावशीनं पाय ठेवला, दाबला. स्प्रिंग खाली गेली, वर आली. "जरा जड होता तो," ती म्हणाली. काकांनी स्प्रिंग बदलली.

परीक्षेच्या दिवशी मावशी आपल्या जुन्या विद्यार्थ्यांसारखी पांढरीफटक पडून रांगेत उभी होती. परीक्षक बाई माझ्याच वयाच्या असतील. त्यांनी दार उघडून आत टॉर्च मारला.

"हे तिसरं काय आहे?"

"क्लच," मावशी म्हणाली.

"इलेक्ट्रिक गाडीला क्लच?"

"गाडीला नाही, मला आहे."

परीक्षक बाईंनी वाकून तो हातानं दाबला, हलवून पाहिला, ब्रेकला लागतो का ते तपासलं. "फॉर्मवर काय लिहू मी?"

"पाय टेकायची पट्टी लिहा," काका मागून म्हणाले. "सगळ्याच गाड्यांत असते. आमची जरा दबते, एवढंच."

बाई हसू दाबत शेजारी बसल्या. आम्ही दोघं कुंपणाशी उभे राहिलो. चढ झाला, उलटं घेणं झालं, खांबांमधून नागमोडी झालं. मग सरळ रस्त्यावर बाईंनी एकाएकी समोर हात आपटून आवाज दिला, "थांबा!" काकांनी माझं मनगट इतकं आवळलं की बांगडी रुतली. गाडी पुढच्या पांढऱ्या पट्टीआधी सुबक थांबली, कुणाचंही नाक कुठेही न आपटता. डावा पाय काकांच्या ठोकळ्यावर गेला असणार, उजवा ब्रेकवर, दोघंही आपापल्या जागी. काका हातरुमाल शोधायला लागले. तो त्यांच्या हातातच होता.

कागदावर शिक्का घेऊन मावशी आली. आम्ही तिला मिठी मारणार तोच ती म्हणाली, "बाजूला व्हा." मग काकांकडे वळली. "अहो, बसा."

"मागे बसतो."

"मागे नाही. स्टिअरिंगवर. कच्चं लायसन्स काढलंय मी तुमचं. परवा तुमच्याकडून ऑनलाइन प्रश्न सोडवून घेतले ना, ते बसच्या पासाचे नव्हते, लायसन्सचे होते."

"अगं, पण हे तिसरं माझ्या पायात येतंय."

"त्याला पाय लावायचा नाही. तो माझा आहे."

काकांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं, मशीनचं चाक धरतात तसं अलगद, आणि गाडी निघाली. उडी नाही, धक्का नाही. फाटकातून बाहेर पडली, वळली आणि बसच्या थांब्यावरून पुढे गेली, तेव्हा काकांनी थांब्यावरच्या लोकांना हात करायचा मोह आवरला. मावशी एरवी नवख्या माणसाशेजारी जादा ब्रेकवर पाय रोवून बसते, दिवसाअखेर पोटऱ्या धरेपर्यंत. मी सवयीनं उशी पोटाशी घेतली आणि पुढे वाकून बघितलं.

चपला खाली पडल्या होत्या. मावशी दोन्ही पाय वर घेऊन, सीटवर मांडी घालून, खिडकीबाहेर बघत बसली होती.