गोपाळदाजींची मोकळी फरशी

गोपाळदाजी म्हणजे माझ्या सुधाताईचे यजमान. त्यांनी हिंगोलीत टाइल्सचं दुकान काढून बाहेर 'शोरूम' अशी पाटी लावली, तेव्हा मी पोट धरून हसलो होतो. आत माल थोडका, मधली फरशी नुसती मोकळी. काचेचं दार बघून गिऱ्हाईक चपला बाहेर काढायचं आणि उंबऱ्यावरूनच दर्शन घेऊन परत जायचं.

नव्याण्णव साली हिंगोली जिल्हा झाला आणि जो तो घर बांधायला उठला. एक दिवस सोनाजी गवंडी औंढ्याकडच्या तांड्यावरच्या नानीबाईला घेऊन आला. तिच्या घराचा नकाशा तो तिला कागदावर समजावत होता आणि ती नुसती मान हलवत होती. दाजींनी खडू आणून दिला.

"सोनाजी, हिचं स्वैपाकघर इथं फरशीवर काढ. बांधणार तेवढंच मोठं."

रेघा मारून झाल्या. नानीबाई आत जाऊन बसली, नसलेल्या चुलीपुढं भाकरी थापू लागली आणि एकदम तोंड फिरवून म्हणाली, "धूर समदा माज्याच डोळ्यात येऊन राहिला! काहून असं? खिडकी तिकडं करा."

सोनाजीनं निमूट रेघ पुसली.

मग काय, दुकानाचा अड्डाच झाला. गवंडी, सुतार, रंगारी, घरमालकिणी, सगळे तिथंच. कपाट दाराला अडणार हे खडूनंच कळायचं, भिंत पाडायची पाळी यायची नाही. एकमेकांचं तोंड न पाहणारे सुतार-गवंडी एका किटलीतला चहा पिऊ लागले. दाजी पँट पांढरी करून घेत सगळ्यांमध्ये बसलेले.

दोन हजार चार साली टाइल्स कंपनीचा साहेब आला. "एवढी जागा रिकामी? इथं आमचे नमुने उभे करा, नाहीतर एजन्सी दुसऱ्याला देतो."

ताई इतकी वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होती. एजन्सी राहिली, तर तिचं स्वतःचं घर त्याच वर्षी उठणार होतं. दाजी म्हणाले, "साहेब, नमुने उभे केले तर ही माणसं बसतील कुठं?"

एजन्सी गेली. मी जाम तडकलो. "लोकांची घरं मांडता, माझ्या बहिणीच्या घराचं काय?" ताईनं तर बोलणंच टाकलं. ताट वाढायची आणि आत निघून जायची.

आठवडाभरानं ती भरदुपारी दुकानात आली. पदर खोचला, सोनाजीच्या हातातला खडू घेतला. बसलेले सगळे उठून भिंतीला लागले. तिनं स्वैपाकघर काढलं, लहानसंच. एक खोली काढली. मग बैठक काढायला घेतली, ती रेघ थांबेचना, पार दारापर्यंत गेली.

दाजी भीतभीत म्हणाले, "अगं, एवढी मोठी बैठक कशाला?"

"मग तुमची ही माणसं बसवायची कुठं?" ताई म्हणाली. "बांधू तेव्हा बांधू. पण घर मला असंच पाहिजे."

दाजी रडले. सगळ्यांसमोर, तोंडही न लपवता.