शबानाला विचारलं तेव्हा

मंडळी, नगरात नवीन सायबर कॅफे निघालंय, तिथून लिहितेय.

एम.ए.ला इस्लाम आणि स्त्री-पुरुष संबंध शिकताना मी वर्गात ठणकावलं होतं की निकाहात मुलीला नुसतं नावाला विचारतात.

आज शेवगावात मावसबहीण शबानाचा निकाह होता. मोगऱ्याच्या सेहऱ्याआड तिचा चेहरा दिसत नव्हता. मामू साक्षीदारांना घेऊन आत आले.

"बेटी, कबूल हाय का?"

होकार म्हणून तिची मान वाकवायला आत्या सरसावली. मी आत्याचा हात धरला. खोलीत फक्त शबानाच्या श्वासानं फुलं हलत होती.

"मामू, परत एकदा विचारा ना," शबाना म्हणाली.

"का गं?"

"मला कुणी कधी काही विचारलंच न्हाई."

मामूंनी परत विचारलं, अगदी हळू. ती 'कबूल' म्हणाली.

माझ्या ओढणीला अजून मोगऱ्याचा वास येतोय. तुम्हाला असं कुणी विचारलं होतं का?