ब्रिस्टलच्या भरतीची वेळ

इंग्लंडात, ब्रिस्टल शहरात नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने फोनवर सांगितलं, "आई, घर पसंत केलंय. भाड्याचं नाही, विकत घेणार. तळमजला आहे आणि समोरच नदी." मी "छान" म्हटलं. त्या दिवसापासून माझा पाय एका जागी ठरेना.

खरं तर मला विचारायचं होतं की, मग आता तू परत येणार नाहीस का? ते तोंडातून निघेना, म्हणून मी त्या नदीच्या हात धुऊन मागे लागले. मोबाइलवर ब्रिस्टलचा नकाशा उघडायचा, बोटांनी मोठा करायचा, तिची गल्ली शोधायची. भात करपला तरी नकाशा सुटेना. जुने नकाशेही सापडले. समुद्रापासून चांगलं आत, शहराच्या मधोमध बंदर. ओहोटी लागली की तिथली जहाजं गाळात बसायची. हे वाचल्यावर ते शहर मला ओळखीचं वाटायला लागलं. माहेरी मुंबईला जाताना रेवसच्या धक्क्यावर ओहोटीने मलाही कितीदा ताटकळत ठेवलंय! तिथल्या लोकांनी दोनेकशे वर्षांपूर्वी बंदराला दरवाजे बसवून पाणी आत कोंडलं आणि भरती-ओहोटीच्या नदीसाठी बाजूने नवा कालवा खणला. मुलीचं घर नेमकं त्या कालव्यावर होतं.

"तिकडचं पाणी तू इथे बसून कशाला उपसतेस?" हे म्हणाले. कारखान्यातून निवृत्त झाल्यापासून ह्यांना कशाचीच घाई नसते. मला त्यांचा रागच आला.

मे महिन्यातली अमावास्या आली. आमच्या थळला भरतीसाठी घड्याळ कुणी बघत नाही, तिथी बघतात. अमावास्या म्हणजे उधाण, पाणी दुपारी बारा-साडेबाराला पूर्ण चढणार. मी तिला बजावलं, "दुपारी बाराला त्या घरापाशी जा. पाणी कुठवर येतं ते मला दाखव."

बिचारी सुट्टी टाकून गेली. व्हिडिओवर दिसला तो नुसता चिखल, आणि तळाशी पाण्याची एक बारीकशी रेघ.

"आई, कुठाय तुझं उधाण?" ती हसत सुटली.

मी खजील झाले, पण गप्प बसले नाही. "कालव्याच्या भिंतीवरची ओल बघ किती वर आहे ती! पाणी रात्री घरात शिरेल."

तिचं हसू थांबलं. "मी हे घर घेऊच नये असं वाटतंय ना तुला?"

"हो," मी म्हणाले.

तिने फोन ठेवला. पुढे बरेच दिवस ती ह्यांच्याशीच बोलायची. मी वाडीत उगीच शिंपण करत राहायचे, शिंपलेल्या माडाला पुन्हा पाणी घालायचे.

पौर्णिमेला मात्र तिने मलाच फोन केला.

"आई, रोज ऑफिसला जाताना बघत होते. तिथीचा हिशोब इथेही चालतो गं! फक्त वेळ वेगळी. पौर्णिमेला सकाळी आठच्या सुमारास पाणी पूर्ण चढतं, मग रोज पाऊण-एक तास उशिरा, आपल्यासारखंच. आज उधाण होतं ना, तरी पाणी भिंतीच्या काठाखालीच राहिलं. आता कुठलीही तिथी सांग, मी वेळ सांगते."

मला एकदम भरून आलं. लहानपणी तिला हा हिशोब मीच शिकवला होता. आता तो तिने तिकडच्या पाण्याला बसवला होता. चार दिवसांसाठी गेलेलं माणूस एवढं करत नाही.

सवयीने मी आपली इथली वेळ काढायला तिच्या आठमध्ये साडेचार तास मिळवले. साडेबारा! दोन्हीकडची उधाणं एकाच वेळी भरत होती. मी वेडी, तिकडच्या घड्याळात बारा शोधत बसले होते.

"परत नाही ना येणार तू?" मी शेवटी विचारलं.

"नाही, आई."

"बरं," मी म्हटलं. "घर घे."