खर्जाचं पोट आणि अब्जावधी पाहुणे

त्यांना सगळे ‘खर्ज’ म्हणत. आवाजच तसा होता. लिफ्टमध्ये ‘दरवाजा बंद होत आहे’ असं बजावणारा आवाज त्यांचा, बँकेच्या फोनवर माणसाला ताटकळत ठेवणारा त्यांचा, आणि ऑडिओ पुस्तकांतले अंथरुणाला खिळलेले बाप तर बहुतेक त्यांचेच. एवढ्या भारदस्त गळ्याखाली देवाने जे पोट बसवलं होतं, ते मात्र अजिबात ऐकण्यातलं नव्हतं.

वर्षभर ते फुगत होतं, कळ मारत होतं आणि घाईघाईने त्यांना उठवत होतं. ते सगळं खर्ज निमूट सोसत. पण स्टुडिओच्या त्या बंद खोलीत, जिथे कागद उलटल्याचाही आवाज टिपला जातो, तिथे पोट गुरगुरायला लागलं तेव्हा अब्रूचा प्रश्न आला. नायिका पतीच्या फोटोसमोर गप्प उभी आहे, असं वाचून ते थांबले आणि त्या शांततेत त्यांच्या पोटाने सविस्तर मत मांडलं.

काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्ट बाईंनी हेडफोन सावरत विचारलं, “पुन्हा घेऊ या का, सर?”

“खुर्ची करकरते,” खर्ज म्हणाले.

खुर्ची बदलली. पोट तेच राहिलं. मग दुसरी खुर्ची आली. खर्जांनी तिच्यावरही आळ घेतला.

घरी बायको म्हणत होती, डॉक्टरांकडे जा. पण खर्जांना साडू होते. साडू विमा विकत, त्यामुळे माणसाच्या कुठल्याही अवयवावर बोलायचा त्यांना अधिकार होता. त्यांनी निदान केलं की पोटातले चांगले जंतू संपले आहेत, ते बाहेरून भरले की झालं. स्वतः त्यांनी ते कधी घेतले होते का, हे विचारायचं खर्जांना सुचलं नाही.

दुकानात डब्यांची रांगच होती. एकावर दहा अब्ज जंतू, दुसऱ्यावर पन्नास. खर्जांनी हिशेबी माणसासारखा पन्नासवाला कॅप्सूलचा डबा उचलला. शिवाय एक पावडर घेतली आणि पिण्याच्या छोट्या बाटल्याही घेतल्या, कारण तीन ठिकाणांहून आलेले जंतू एकमेकांना सांभाळून घेतील असं त्यांना वाटलं. नाश्त्याला कॅप्सूल, जेवणानंतर पावडर, झोपताना बाटली. एवढा पाहुणचार त्यांनी सासरच्या माणसांचाही केला नव्हता.

आठवडाभरात पोट नगाऱ्यासारखं झालं. शर्टाची बटणं ताणली. साडूंनी फोनवर समजावलं की वाईट जंतू पळून चालले आहेत, त्यांची ही धावपळ. पळणारे बहुधा वाटेत मुक्काम करत होते. शेवटी रेकॉर्डिंग अर्ध्यावर टाकून खर्जांना तीनदा पळावं लागलं, तेव्हा बायकोने डॉक्टरांची वेळ घेतली.

डॉक्टर बाईंनी आधी भलतंच विचारलं. वजन उतरलंय का, रक्त जातं का, घरात कुणाला आतड्याचा आजार होता का. पोट दाबून पाहिलं, तपासण्या करवल्या. काही गंभीर निघालं नाही. आतडी जरा हळवी आहेत, एवढंच. मग खर्जांनी तिन्ही डबे टेबलावर मांडले.

“हे सगळं एकदम?” बाईंनी विचारलं.

“एकात पन्नास अब्ज आहेत,” खर्ज म्हणाले.

“आकड्यावर काही नाही. कुठला जंतू आहे, त्यावर आहे. आणि तोसुद्धा एकाला मानवतो, दुसऱ्याला नाही. आधी सगळं बंद करा. मग एकच घ्या, महिनाभर. फरक पडला तर ठीक, नाहीतर सोडून द्या.”

खर्जांना हे फार पटलं नाही. पन्नास अब्जांच्या बदल्यात त्यांना एक ‘बघू’ मिळाला होता. वर बाईंनी सावकाश जेवायला सांगितलं, आणि पोट गप्प बसावं म्हणून रेकॉर्डिंगच्या आधी खर्ज जो सोडा गटागट पीत, तो थांबवायला. हा सल्ला इतका साधा होता की त्यात दम नसणार, अशी खर्जांची खात्री होती.

महिन्याने फुगणं बरंच उतरलं. पळापळ थांबली. कॅप्सूलमुळे की सोडा सुटल्यामुळे, हे डॉक्टर बाईंनाही छातीठोकपणे सांगता येईना. साडूंना मात्र येत होतं. त्यांनी सगळं श्रेय घेतलं आणि आणखी चौघांना डबे घ्यायला लावले.

गुरगुर तेवढी अधूनमधून राहिली. एका दुपारी ती पुन्हा ऐन शांततेत उमटली. खर्जांनी सवयीने खुर्चीकडे पाहिलं, आणि मग त्यांना एकदम कंटाळा आला.

“खुर्ची नाही,” ते माइकमध्ये म्हणाले. “माझं पोट आहे. पहिल्यापासून तेच होतं.”

रेकॉर्डिस्ट बाई हसल्या नाहीत. “माहीत आहे, सर. खुर्ची इतक्या खोल आवाजात करकरत नाही. तुम्ही सांगितलं असतंत तर सकाळची वेळ दिली असती, मधे थांबलोही असतो. मला वाटलं, तुम्हाला आवडणार नाही.”

खर्जांना हायसंही वाटलं आणि लाजही वाटली. इतके दिवस ज्या बाईंपासून ही गुरगुर लपवण्यासाठी त्यांनी एवढा उपद्व्याप केला होता, त्यांना ती पहिल्याच दिवशी कळली होती, तीही हेडफोन लावून. त्यांनी पाण्याचा एक छोटा घोट घेतला, पोट गप्प होईपर्यंत वाट पाहिली आणि परिच्छेद पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतला.