मिरवणुकीपुरती मेडलं

नाना म्हणजे माझे थोरले चुलते. त्यांच्याकडं दोन मेडलं होती. एक कारगिलच्या लढाईचं, दुसरं तिथं जखमी झाल्याचं. तोफगोळ्याचा तुकडा मांडीत घुसला होता, तेव्हापासून ते डावा पाय ओढत चालतात. त्या डोंगरासाठी त्यांच्या अख्ख्या पलटणीला लष्करप्रमुखांचं सन्मानपत्र मिळालं. ते पलटणीच्या भिंतीवर आहे, कुणाला घरी आणता येत नाही. घरी येतं ते मेडल, आणि त्याच्या कडेवर शिपायाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. लढाईची गोष्ट सांगताना नाना त्या कडेवरून अंगठ्याचं नख फिरवायचे. नख प्रत्येक अक्षराला अडकायचं, कुर्रकुर्र वाजायचं.

मुरूमजवळच्या आमच्या गावाला ही गोष्ट कधी ऐकावीशी वाटली नाही. गावाला नाना ठाऊक होते ते मिलिटरी कँटीनच्या स्वस्त बाटलीपुरते. नोकरी संपवून ते उमरग्याच्या स्टँडवर उतरले तेव्हा घ्यायला कुणी नव्हतं. ट्रंक खांद्यावर मारून ते मागच्या रस्त्यानं आमच्या वस्तीत आले. वेशीतून नाही. वस्तीतली माणसं मागच्या रस्त्यानंच येतात, त्यात गावाला वावगं काही दिसलं नाही.

हल्ली जवान निवृत्त झाला की उघडी जीप सजते. पुढं डीजे, वरून जेसीबीच्या बकेटातून फुलं. पाटलांचा धाकटा निवृत्त झाला तेव्हा अशीच तयारी सुरू झाली. त्याची सगळी नोकरी कपड्यांच्या डेपोत गेली होती. त्यात कमीपणा काही नाही, फौजेला कांबळी लागतातच. पण घरच्यांना त्याची छाती रिकामी वाटली. म्हणून त्याचा थोरला भाऊ आमच्या दारात आला.

आईनं चहा पुढं केला. "नको, आत्ताच झाला," तो म्हणाला. आमच्या दारात आला की त्याचा चहा नेहमी आत्ताच झालेला असतो.

"नाना, तुमची मेडलं द्या की. मिरवणुकीपुरती."

"मेडलं म्हणजे काय पाटल्या आहेत का?" मी म्हणालो.

"तू गप रे, पत्रकवाल्या." मग नानांकडं वळून, "तुमी बी जीपमधी बसायचं. भावाच्या शेजारी. वेशीतून थेट मारुतीपत्तुर."

नाना म्हणाले, "जीपमधी?"

"व्हय तर!"

आमच्या भागात लग्नात शेजारणीचा दागिना मागून नवरीला घालतात. मांडव उतरेपर्यंत तो नवरीचाच. धनीण समोर जेवायला बसली तरी त्याच्याकडं बोट करत नाही. नानांनी मेडलं दिली ती तशीच, फडक्यात बांधून. कसली म्हणून थोरल्या पाटलानं विचारलं तेव्हा सगळी गोष्टही सांगितली. मी दिवसभर भांडलो. ते कोटाला इस्त्री करत राहिले.

मिरवणुकीच्या दिवशी जीपमध्ये पाटलांचे जावई होते, मेहुणे होते, नातवंडं होती.

"नाना, फुडल्या वळणावर घेतो तुमाला," थोरला पाटील म्हणाला.

पुढच्या वळणावर जीप थांबली, फोटो निघाले, निघून गेली. नाना डीजेच्या धुरात पाय ओढत चालत होते. वेशीत एका पोरानं हाळी दिली, "काय हवालदार, छाती मोकळी? मेडलं कँटीनमधी ठिवली का गहाण?" सगळे हसले. नानाही हसले. ते हसणं मी कुणाला माफ करणार नाही.

मारुतीसमोर स्टेज होतं. निवेदकानं माईकवर सांगितलं की सत्कारमूर्तीच्या पलटणीनं कारगिलचा डोंगर जिंकला, तिला लष्करप्रमुखांचं सन्मानपत्र आहे, मांडीतला तुकडा अजून दुखतो. नानांची गोष्ट शब्दन्शब्द. लोकांनी डोळे पुसले.

आमच्या घरी पाटीच्या आधी चळवळीची पत्रकं आली. वडील वाटायचे, उरलेल्यांवर मी अक्षरं गिरवली. खोटं भर चौकात खोटं म्हणावं, हे मी तिथंच शिकलो. मी स्टेजवर चढलो आणि माईक ओढला. "मेडलाच्या कडेवर नाव असतं. वाचा सगळ्यांसमोर!"

डीजे थांबला. मला वाटलं, धाकट्या पाटलाचा चेहरा पडेल. त्यानं शांतपणे दोन्ही मेडलं काढून माझ्या तळहातावर ठेवली.

"वाच की."

कडा आरशासारख्या गुळगुळीत होत्या. कानशीनं घासून वर पॉलिश मारलं होतं.

"वाच ना, शिकलेला हायस!" खालून कुणीतरी ओरडलं. हशा पिकला. मग थोरल्या पाटलानं माईक घेतला. "नाना, तुमीच सांगा. कुणाची हायेत ही?"

सगळं गाव नानांकडं वळलं. कडा घासल्याचं त्यांना ठाऊक नव्हतं. एका शब्दात ते सगळं परत घेऊ शकत होते, निदान त्यांना तसंच वाटत होतं.

"त्येंचीच हायेत," नाना म्हणाले.

दोघा-तिघांनी मला स्टेजवरून खाली ढकललं. जेसीबीनं पुन्हा फुलं टाकली.

घरी येताना मी एकदाच विचारलं, "कामून नाना?"

"मांडवात मागायचं नसतं रे. उद्या येतील की घरी."

दुसऱ्या दिवशी थोरला पाटील खरंच आला. रुमालात मेडलं, वर पेढ्यांचा पुडा. "बघून घ्या, दोन्ही हायेत. सोनाराकडनं चमकवून दिलीत."

नानांनी एक मेडल उचललं आणि सवयीनं कडेवरून नख फिरवलं. नख कुठं अडकलं नाही. त्यांनी मेडल उलटं करून पुन्हा फिरवलं. दुसरं घेतलं. आवाज आला नाही. माझ्याकडं पाहिलं. मला कालपासून ठाऊक होतं, हे त्यांनी माझ्या तोंडावर वाचलं.

पाटील दारात उभाच होता. नानांनी मेडलं मांडीवर ठेवली आणि त्याच्याकडं बघितलं.

"लई चमकलीत, पाटील," ते म्हणाले. "बसा. चहा घ्या."

"नको नाना," तो म्हणाला. "आत्ताच झाला."