हेम की एम

अर्बोगास्ट क्लेथी शेवटी शेवटी काय म्हणत होता, यावरून आमच्या गावात अजून दोन तट आहेत. मी त्याचा भिंतीला भिंत लागून शेजारी, म्हणून दोन्ही तट मलाच साक्षीला ओढतात. आणि मी कुठल्या बाजूचा, हे मलाच अजून समजलेलं नाही. लिहायची मला सवय नाही. बोलायचीही फारशी नाही. तरी जे पाहिलं ते एकापुढे एक मांडून बघतो. मांडल्यावर उलगडेल असं वाटतं. नाही उलगडलं तर निदान मांडलं तरी गेलं.

अर्बोगास्ट कोबीकाप्या होता. ऑक्टोबर लागला की पाठीला ती लांब फळी बांधून तो घरोघर जायचा. फळीत तिरकी पाती बसवलेली. तळघरात उतरायचं, कोबीचे गड्डे फळीवरून पुढेमागे सरकवायचे, आणि खाली दोऱ्यासारखा बारीक कोबी पडत राहायचा. घरची बाई मीठ आणि जुनिपरची फळं पेरत रांजणात थर लावायची, वर दगड ठेवायचा, की कोबी आंबून हिवाळ्याची सोय झाली. हात चालू तसं त्याचं तोंडही चालू असायचं. एका तळघरातल्या बातम्या दुसऱ्या तळघरात त्याच्याच पायाने पोचत.

"तुझ्या पात्यांपेक्षा तुझ्या जिभेला धार जास्त," माझी बायको बेर्था त्याला म्हणायची.

"मग उद्यापासून पाती घरी ठेवतो," तो म्हणायचा. "पण मीठ जरा बेताने टाक बरं का. गेल्या साली तुझा नवरा नाताळापर्यंत नुसता पाणी पीत होता."

मी तिथेच उभा असायचो. मला उत्तर सुचेपर्यंत तो पुढच्या घरी गेलेला असायचा.

आमचं गाव फ्रान्स आणि जर्मनीच्या सीमेवर, कधी याचं, कधी त्याचं. त्याचा आजा जन्मला तो फ्रेंच. बाप जन्मला तो जर्मन. अर्बोगास्ट पुन्हा फ्रेंच. तिघांचा जन्म एकाच खोलीत, एकाच पलंगावर. घर जागचं हललं नाही, देशच येऊनजाऊन होते. अठराव्या वर्षी तो परत जर्मन झाला, आणि विसाव्या वर्षी त्याला जर्मन गणवेश चढवून रशियात धाडलं. पळालास तर आईबापाला उचलून नेऊ, असं बजावून. आमच्या गावातली पुष्कळ पोरं तशीच गेली, त्यातली निम्मी तिकडेच राहिली. हा रशियनांच्या हाती सापडला. तिथल्या छावणीतली गोष्ट तो तळघरात नेहमी सांगायचा.

"रशियन अधिकारी विचारतो, जर्मन का? म्हटलं, नाही, फ्रेंच. तो म्हणतो, मग अंगावर हे काय? म्हटलं, हे जर्मन. तो म्हणतो, आणि बोलतोस ती भाषा? म्हटलं, ही दोन्हींतली नाही, ही आमची. त्याने डोकं धरलं."

"मग तू काय सांगितलंस?"

"काय सांगणार? मला माहीत असतं तर सांगितलं असतं की!"

लोक हसायचे. मीही हसायचो, पण घरी आल्यावर मला वाटायचं, तो खरंच विचारत होता.

त्याची बायको लिओनी मात्र आमच्यातली नव्हती. ती आतली. आम्ही उरलेल्या फ्रान्सला 'आत' म्हणतो, म्हणजे आम्ही काय, उंबऱ्यावर. १९३९ च्या सप्टेंबरात लढाई सुरू झाली तेव्हा सीमेवरची आमची गावं रिकामी करून आम्हाला आगगाडीने लिमुझँ नावाच्या प्रांतात पाठवलं, पार फ्रान्सच्या पोटात. मी तेव्हा लहान होतो. तिथले शेतकरी आमच्याकडे बघतच राहिले. फ्रेंच निर्वासित येणार असं त्यांना सांगितलं होतं, आणि गाडीतून उतरलेली माणसं होकार देताना 'या, या' म्हणत होती, जर्मनांसारखी. आमचं नावच पडलं 'याया'. अर्बोगास्ट सतरा वर्षांचा. त्याला ज्यांच्या गोठ्याशेजारी जागा मिळाली त्यांची मुलगी लिओनी. उपकार फेडावेत म्हणून त्याने आणि त्याच्या आईने त्यांच्यासाठी रांजणभर कोबी घातला. महिन्याने लिओनीच्या बापाने झाकण उघडलं, आंबूस वास घेतला, आणि कोबी सडला असं समजून बिचाऱ्याने सगळा डुकरांना घातला. लिओनी म्हणायची, "डुकरांना आवडला, म्हणून मी लग्न केलं."

पण लग्न सोपं नव्हतं. वर्षभरात जर्मनांनी आमचा मुलूख घेतला आणि आम्हाला परत गावी आणलं. युद्धात जर्मन तुकडीने लिमुझँमधलं एक आख्खं गाव जाळलं, माणसांसकट. त्या तुकडीत जबरदस्तीने नेलेली आमच्याकडची काही पोरंही होती. अर्बोगास्ट तेव्हा रशियात होता, तरीही तिच्या बापाने दार उघडलं नाही. युद्ध संपल्यावर हा तिला आणायला गेला, तेव्हा ती मागच्या दाराने आली, हातात एक पेटी घेऊन. बापाची भेट पुढे कधी झाली नाही. ती आमच्या गावात आली ती अशी, घर तोडून.

आता त्या शब्दाचं सांगतो.

आमच्या बोलीत 'हेम' म्हणजे घर, घरी. फ्रेंच माणसाच्या तोंडात 'ह' बसत नाही, तो गिळतो. लिओनीने आमची बोली शिकायची खूप खटपट केली, पण 'ह' काही तिला शेवटपर्यंत आला नाही. संध्याकाळी अर्बोगास्ट खानावळीत आमच्या टेबलावर बसलेला असायचा, आणि ती दारात येऊन हाक मारायची, "अर्बो, एम!" तिला म्हणायचं असायचं, घरी चल. पण फ्रेंचमध्ये 'एम' म्हणजे प्रेम कर. सगळं टेबल उसळायचं.

"जा रे अर्बो, ऑर्डर आलीय!"

"आमची नुसती जेवायला बोलावते. नशीबवान आहेस!"

लिओनी पहिल्यांदा लाल झाली. नंतर तिला कळलं की आपण काय म्हणतो. तरी तिने शब्द बदलला नाही, मुद्दाम आणखी मोठ्याने हाक मारायला लागली. आणि तो ग्लास अर्धा टाकून उठायचा. ग्लास अर्धा टाकून उठणारा आमच्या टेबलावर तो एकटाच.

त्या घरात फ्रेंचच बोलली जायची, तिच्यासाठी. मुलगीही फ्रेंचमध्येच वाढली. तेव्हा शाळेत बोली बोललं तर पोरांना शिक्षा व्हायची, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. मुलगी दूर लियों शहरात गेली, तिकडचीच झाली, आणि आईच्याही आधी वारली. मागे तिची मुलगी सोलेन. ती सुट्टीत यायची, आजोबांशी फ्रेंच बोलायची. कुंपणापलीकडून मी आणि अर्बोगास्ट बोलीत बोलायला लागलो की म्हणायची, "तुम्ही दोघं भांडताय का?"

लिओनी गेली. अर्बोगास्ट एकटा राहिला, तरी ऑक्टोबरात फळी पाठीला बांधायचा. आणि मग एका सकाळी त्याची खिडकी उघडली नाही. मी आत गेलो तर तो स्वयंपाकघरात जमिनीवर, एक बाजू गेलेली.

शहरातल्या इस्पितळात तो शुद्धीवर आला, पण बोलणं गेलं ते गेलंच. जी भाषा शेवटी शिकली ती आधी गेली. एक शब्द तेवढा उरला होता. जीभ जड, त्यामुळे 'ह' नुसता श्वासासारखा निघायचा, कधी निघायचाही नाही.

"...एम. ...एम."

सोलेन लियोंहून धावत आली होती. मी भेटायला गेलो तेव्हा ती त्याचा हात धरून बसलेली, डोळे भरलेले, पण चेहरा उजळलेला.

"बघा ना," ती मला म्हणाली, "सगळं विसरलेत, पण हे नाही विसरले. मला बघितलं की प्रेम, प्रेम, एवढंच म्हणतात. आयुष्यात कधी म्हणाले नव्हते!"

अर्बोगास्ट माझ्याकडे बघत होता. चांगला हात त्याने उचलला, खिडकीकडे केला. "एम," तो म्हणाला.

मला ऐकू आलं ते 'हेम'. घरी. मला घरी घेऊन चल.

पोरगी इतकी आनंदात होती. तिथल्या एखाद्या वयस्कर, बोली जाणणाऱ्या परिचारिकेलाही समजलं असतं, पण सोलेन कुणाला विचारणार कशाला? न समजलेलं माणूस विचारतं. तिला तर समजलं होतं.

"मी ठरवलंय," ती म्हणाली. "लियोंला माझ्या घराजवळ वृद्धाश्रम आहे, तिथे नेते. पुढच्या आठवड्यात खोली मिळतेय. माझ्यावर इतका जीव असलेल्या माणसाला मी इथे एकटं कसं सोडू?"

मी "हो, हो" म्हणालो आणि बाहेर पडलो.

खानावळीत आमच्या टेबलावर सांगितलं. तेव्हापासूनच हे दोन तट.

"तू गप्प बस, सेप," बेकरीवाला शार्ली म्हणाला. मला इथे सेप म्हणतात. "पोरीचं सुख का मोडतोस? तिकडे तिच्याजवळ राहील, बरंच आहे."

"आणि तो मरताना घरी घरी करत राहील, ते?" खानावळीची मालकीण कारोलीन काउंटरमागून ओरडली. "तुझं काय जातंय शार्ली! तुला तुझ्या पलंगावर मरायचंय ना?"

"पण कशावरून तो घरच म्हणतोय? लिओनी त्याला काय म्हणायची, आठवतं ना? एम!"

"ती घरीच म्हणायची!"

"तिला म्हणायचं असायचं घरी, पण तोंडातून निघायचं काय?"

कारोलीनने फडकं आपटलं. "तुम्ही पुरुष म्हणजे ना! सेप, तू सांग. तू ऐकलंयस."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, मी विचार करतो. ते हसले, मी जन्मभर हेच म्हणत आलोय. मी घरी गेलो आणि खरंच विचार केला, आणि जितका केला तितकं ते गुंतत गेलं. पण एक गोष्ट मला स्पष्ट दिसत होती. त्याने हात सोलेनकडे केला नव्हता. खिडकीकडे केला होता.

दुसऱ्या दिवशी इस्पितळाच्या ओसरीत सोलेनला गाठून सांगितलं. माझी फ्रेंच चांगली नाही, त्यात घाबरलो की आणखी बिघडते. तिला आधी वाटलं मला पाणी हवंय. मग समजलं. तिचा चेहरा उतरला, आणि मला वाटलं, शार्लीचं बरोबर होतं.

"म्हणजे माझ्याबद्दल नाहीच," ती म्हणाली.

"तसं मी म्हणत नाही."

"मग काय म्हणता, मस्य सेप?" ती मला मस्य, म्हणजे श्रीयुत, म्हणते.

"घर म्हणतोय तो. असं मला ऐकू आलं. माझे कान म्हातारे आहेत."

ती म्हणाली, "वृद्धाश्रमातली खोली मी सोडणार नाही. पण लियोंला नेण्याआधी एक दिवस घरी नेऊ. तिथे आजोबा गप्प बसले तर तुमचं खरं."

शनिवारी रुग्णवाहिकेतून आणलं. मी आणि शार्लीने खुर्चीसकट उचलून स्वयंपाकघरात ठेवलं, शेगडीपाशी, त्याच्या बाकाजवळ. तळघराच्या दाराशी फळी टेकवलेली होती. अर्बोगास्टने सगळीकडे हळूहळू बघितलं. फळी, शेगडी, खिडकी. तो गप्प होता. मी मनात म्हटलं, सुटलो.

आणि मग त्याने सोलेनकडे बघितलं आणि म्हणाला, "एम."

शार्लीने मला कोपराने ढोसलं. सोलेन माझ्याकडे वळली.

"आता? आता तर घरीच आहेत. आता काय म्हणतायत?"

मी टोपी काढली, पुन्हा घातली. "मला माहीत नाही," मी म्हणालो.

मग ती त्याच्यासमोर गुडघ्यावर बसली. म्हणाली, "आजोबा, तुमच्या भाषेत विचारते." आणि तिने तो शब्द म्हणायचा प्रयत्न केला. छाती भरून श्वास घेतला, गाल फुगवले, 'ह' साठी सगळा जीव लावला, आणि तोंडातून निघालं, "एम!" थेट आजीसारखं. तसाच तो गिळलेला 'ह', तसाच वर चढलेला सूर.

अर्बोगास्ट हसला. एका बाजूनेच, कारण दुसरी बाजू हलत नव्हती. पण खळखळून हसला, अंग हलेपर्यंत. आणि चांगला हात खुर्चीच्या दांडीवर टेकवून त्याने उठायचा प्रयत्न केला, ग्लास अर्धा टाकून उठायचा तसा.

"बसा, बसा," सोलेन म्हणाली. ती रडत होती. "कुठे निघालात? पोचलात की."

त्यानंतर तो शब्द त्याने म्हटल्याचं मी ऐकलं नाही. लियोंची खोली तिने त्याच दिवशी नको म्हणून सांगितली. कामावरून सुट्टी काढून ती राहिली, दिवसा परिचारिका यायची, अधूनमधून मी बसायचो. कोबी निघायच्या आधी तो गेला, त्याच खोलीत, त्याच पलंगावर. यावेळी तरी देश कुठला, हे कुणी विचारलं नाही.

शार्ली अजून म्हणतो, तो प्रेमच म्हणत होता, घरी आल्यावरही म्हणाला ना? कारोलीन म्हणते, घरी आल्यावर गप्प झाला ना? दोघंही खरं बोलतात. मी लिहून बघितलं, तरी माझं काही ठरलं नाही.

सोलेनने घर ठेवलंय. ऑक्टोबरात ती येते, आजोबांच्या फळीवर स्वतःपुरता कोबी कापते. जाड कापते, तिला सांगायचं माझ्या जिवावर येतं. बेर्था गेल्यापासून माझं जेवण काही धड नसतं, हे तिला ठाऊक आहे. संध्याकाळ झाली की कुंपणावरून हाक येते.

"मस्य सेप! एम!"

घर ते माझं नाही. पण मी हातातलं टाकून उठतो.